भुरीचं नववं वेत : म्हाताऱ्या दुभत्या शेळीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिगत २०२५ च्या जून ते डिसेंबरमधली आहे. संगमनेर तालुक्याच्या पठार भागातलं एक शेतकरी कुटुंब. माणसांची नावं दिलेली नाहीत आणि शेळीचंही नाव बदललंय, तिला इथे भुरी म्हणू. मी उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातली पशुसखी. लसीकरणाला मदत करायची, जंताचं औषध पाजायचं, खुरं कापायची, चाऱ्याचा सल्ला द्यायचा आणि हाताबाहेरचं दिसलं की डॉक्टरांना बोलवायचं, एवढं माझं काम. यातलं शेवटचं काम या प्रकरणात मी सहा आठवडे उशिरा केलं.

घरात साठीच्या मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. शेळ्या सहा, सगळ्या संगमनेरी, आणि त्यातल्या चार भुरीच्याच लेकी-नाती. भुरी जन्मली ती नोटबंदीच्या महिन्यात. म्हणून तिचं वय मावशींना महिन्यासकट पाठ होतं. २०२५ च्या पावसाळ्यात ती पावणेनऊ वर्षांची झाली. शेळीचं दूध आणि करडांची जोडी साधारण तिसऱ्या ते पाचव्या वेतात, म्हणजे बाळंतपणात, भरात असते. भुरीची तोवर आठ वेतं झाली होती. चांगल्या काळात ती लिटरभर दूध द्यायची, आता पावशेर देत होती. ते चहाला आणि नातीला पुरायचं. या घरात दुधाला दर नाही. खरा पैसा करडांचा. आठव्या वेतातले दोन्ही बोकड डिसेंबर २०२४ मध्ये जन्मले आणि ७ जूनच्या बकरी ईदच्या आधी बाजाराला गेले. तोवर ते आईला पीत होते, सहा महिने.

ही शेवटची ओळ मी वहीत लिहिली होती. तिचा अर्थ मात्र जुलैच्या अखेरीस लागला.

अडचण

जूनच्या मध्यावर मावशींचा फोन आला. "ताई, भुरी वाळत चाललीय, येऊन बघ."

गेले. पाठीवरून हात फिरवला तर कण्याची टोकं करवतीसारखी लागत होती. काट्यावर वजन भरलं २६ किलो. आदल्या दिवाळीला ती ३४ होती. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला होता. ओल्या रानात शेळ्या महिनाभर लवकर चरायला लागल्या होत्या आणि माझ्या चारही गावांत जंतांचा त्रास दिसत होता. माझ्या डोक्यात जंतच होते. खालची पापणी ओढून पाहिली तर आतून गुलाबी होती. लेंड्या सुट्या आणि घट्ट होत्या, जबड्याखाली पाणी साचलेलं नव्हतं. रक्त पिणारे जंत असते तर पापणी पांढुरकी दिसली असती. हे मला शिकवलेलं आहे, मी इतर बायकांना शिकवतेही. तरी मी जंताचं औषध पाजलं आणि घरी गेले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, फरक काहीच नव्हता. या वेळी क्षारमिश्रण आणि यकृताचं टॉनिक दिलं. निघताना गव्हाणीपाशी पायाखाली काहीतरी मऊ लागलं. ओल्या गवताचा, लिंबाएवढा, चावून चपटा झालेला गोळा. बाजूला असे आणखी तीन-चार पडलेले. भुरीच्या हनुवटीचे केस हिरव्या लाळेने चिकटले होते. मी गोळा उचलला, पाहिला आणि टाकून दिला. वाटलं, पाला निबर असेल.

आणखी एक खूण माझ्या हातात होती. लेंडी फोडली की आत बारीक भुशासारखं निघायला हवं. भुरीच्या लेंडीत नखाएवढ्या काड्या होत्या.

तिसऱ्या खेपेला मी १९६२ वर, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरवर, फोन लावला. २३ जुलैला फिरत्या दवाखान्याच्या गाडीतून डॉक्टर आले. त्यांनी आधी तोंड पाहिलं. शेळीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वर नुसती घट्ट हिरडी. चौथ्या वर्षाच्या आसपास आठही पक्के येतात, शेळी जुळते, आणि तिथून पुढे दात झिजत, फाकत, पडत जातात. भुरीचे दोन पडले होते, एक हलत होता. तो डॉक्टरांनी जागेवर काढला. पण खरा घोळ मागे, दाढांत होता. दाढांची धार वस्तऱ्यासारखी असते, त्यामुळे तोंडात बोट घालायचं नाही. बाहेरून गालावर अंगठा दाबत दाढांच्या रांगेवरून न्यायचा. डावीकडे अंगठा मध्यावर गेला तशी भुरीने मान हिसकली. खालची एक दाढ गेली होती आणि तिच्यासमोरची वरची दाढ, घासायला जोडीदार न उरल्याने, वाढून हिरडीत रुतत होती. चारा तोंडात जात होता, पण दळला जात नव्हता. दुखलं की ती गोळा टाकून देत होती.

मग डॉक्टरांनी पोटाखाली दोन्ही हात घालून पाहिलं आणि म्हणाले, "ही गाभण असणार. किती करडं ते हाताला नाही कळायचं."

मावशी म्हणाल्या, शक्य नाही, यंदा बोकडाला दाखवलीच नाही. मुलगाही तेच म्हणाला. सून मागे नातीला घेऊन उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

म्हणजे एका वेळी तीन ओझी होती. जूनपर्यंत दोन बोकडांना दूध, पोटात नवीन गाभ, आणि चारा दळायला दाढ नाही. जंत यात कुठेच नव्हते.

पर्याय

आदल्याच दिवशी, म्हणजे २२ जुलैला, व्यापारी येऊन गेला होता. दोन दिवसांवर आषाढ अमावास्या, गटारी. मटणाला उठाव. त्याने साडेतीन हजार सांगितले होते. मुलाचं म्हणणं सरळ होतं. खाणं अंगी लागत नाही, दूध चहापुरतं, विकून टाकू. मी या म्हणण्याला नावं ठेवणार नाही. सहा शेळ्यांच्या घरात एक शेळी बसून खाणं हा खर्चच आहे.

पण ती गाभण निघाली आणि हिशेब बदलला. कत्तलखान्यांसाठीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांत गाभण जनावर कापायला मनाई आहे. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, मग व्यापारी गाभण शेळी म्हणून बाजारात विकेल. हे खरं होतं, आणि मला तेच जास्त लागलं. कास बघून दुसरी एखादी बाई तिला घरी नेणार, तोंड उघडून बघणार नाही, आणि दोन महिन्यांत शेळी आणि पैसे दोन्ही गमावणार.

दुसरा मार्ग गाभ काढून टाकण्याचा. शेळीत गाभ शेवटपर्यंत अंडाशयातल्या पीतपिंडावर टिकून असतो. त्यामुळे तो विरघळवणाऱ्या इंजेक्शनने कोणत्याही महिन्यात तिला मोकळं करता येतं. धोका जार, म्हणजे वार, अडकण्याचा आणि रक्तस्रावाचा, आणि या अंगावर तोही लहान नव्हता. पण करडाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. ते सहा आठवडे तिच्या वाट्याला येऊ द्यायचे नसतील तर वेळ आत्ताची होती.

तिसरा मार्ग गाभ राहू द्यायचा, दूध आजपासून बंद करायचं आणि हाताने मऊ खुराक द्यायचा. यात भीती शेवटच्या महिन्याची. पोटात जोडी असेल आणि आईला पुरेसं खाता येत नसेल, तर तिचं शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं. त्यातून रक्तात कीटोन साठतात, शेळी खाणं सोडते आणि खाणं सोडलं की कीटोन आणखी वाढतात. याला गर्भविषबाधा म्हणतात. भुरीच्या अंगावर तर जाळायला चरबीही फारशी नव्हती.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत ठरवून सांगा.

इथे एक कबुली. "आम्ही तिसरा मार्ग निवडला" असं मी सगळीकडे सांगते, पण निवडलं कोणीच नाही. मावशी म्हणाल्या, श्रावण लागतोय, श्रावणात गाभ पाडायचा नको. मुलगा गप्प बसला. मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही. आठवडा गेला, मग दुसरा गेला, आणि न ठरवता ठरून गेलं.

काय केलं

दूध २४ जुलैपासून बंद. पावशेरावर असल्याने फारसा त्रास झाला नाही. कासेच्या डाव्या भागात जुन्या दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, गाठ होती, तेवढी रोज हाताने चाचपून पाहायची ठरलं.

चारा बदलला. लसूणघास आणि दशरथ घास, पण विळ्यावर बोटाच्या पेराएवढा चिरून. सुबाभूळ थोडाच, कारण तो जास्त झाला की केस गळतात. हरभऱ्याची चुनी, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड मिळून रोज ३०० ग्रॅम, रात्रभर भिजवून, तीन वेळांना वाटून. एकदम दिलं तर पोट आंबतं. आणि हे सगळं वेगळ्या खणात. लेकी असल्या तरी त्या तिला डोक्याने ढकलून घमेलं पुसून खात होत्या. मला वाटतं खुराकाइतकाच फरक त्या खणाने पडला. चार फळ्या आणि जुन्या खाटेची चौकट, खर्च शून्य.

चराईला जाणं बंद नाही केलं, कमी केलं. गाभण शेळी बसून राहिली तर तेही वाईट. ती कळपाच्या पुढे चालणारी होती. आता लेक पुढे आणि ही मागे, मावशींच्या काठीबरोबर.

ऑगस्टअखेर वजन साडेएकोणतीस. गव्हाणीखालचे गोळे दिवसाला पाच-सहा वरून एक-दोनवर आले. मला वाटलं, निभावलं.

पितृपक्षातला आठवडा

१६ सप्टेंबरला मावशींच्या मालकांचं श्राद्ध होतं. घास काढला गाईला, कावळ्याला. उरलेला भात आणि खीर मावशींनी मायेने भुरीच्या घमेल्यात ओतली. मऊ आहे, चावायला नको, असा विचार.

१७ ला भुरीने सकाळचा खुराक हुंगून सोडला. दुपारी फोन आला. भाताचं ऐकलं आणि माझं निदान तिथेच झालं, पोट आंबलं. डॉक्टरांना फोनवर तसंच सांगितलं. त्यांनी खाण्याचा सोडा पाण्यातून पाजायला सांगितला आणि वर म्हणाले, "लघवी तपासून घ्या." मी सोडा पाजला, लघवी तपासायची पट्टी आणायला तालुक्याला गेले नाही. संध्याकाळ झाली होती, पाऊस होता.

१८ ला सकाळी ती कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी होती, दात खात. तोंडाजवळ वाकलं तर गोडसर, पिकल्या फळासारखा वास. आता मी तालुक्याला गेले. मधुमेहाच्या रुग्णांसाठी औषधाच्या दुकानात लघवीतले कीटोन पाहायच्या पट्ट्या मिळतात, त्याच शेळीलाही चालतात. बसलेल्या शेळीला उठवलं की ती बहुतेक लगेच मुतते. सूनबाईने चहाचं गाळणं काढून त्याची दांडी एका वाटीला बांधली आणि मागून नेमकी वाटी धरली. पट्टी बुडवली. पंधरा सेकंदांत फिकट रंगाची जांभळी झाली.

भाताने पोट थोडं बिघडलं होतं हे खरं. पण भात हे निमित्त. दोन वेळा खाणं चुकलं आणि आधीच काठावर असलेली शेळी घसरली. माझा एक दिवस सोड्यात गेला.

दुपारी डॉक्टर आले. शिरेतून ग्लुकोज दिलं, कॅल्शियम दिलं, पाजायला प्रोपिलिन ग्लायकॉल. मग म्हणाले, खरा इलाज म्हणजे पोट मोकळं करणं. दिवस भरत आले असतील तर इंजेक्शन देऊन विणवता येईल. पण शेळीचे दिवस दीडशे, आणि विण्याच्या आठवडाभर आधीपर्यंत करडांची फुप्फुसं पुरती तयार नसतात. फळली कधी, म्हणजे बोकड कधी लागला?

मावशी आणि मुलगा एकमेकांकडे पाहायला लागले. तेव्हा सूनबाई म्हणाली, "आखितीला. रस काढत होते तेव्हा शेजारचा बोकड सुटून आला होता. मीच हाकलला."

अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. १८ सप्टेंबर म्हणजे १४१ वा दिवस. दोन दिवस ग्लुकोजवर काढले आणि २० तारखेला, १४३ व्या दिवशी, इंजेक्शन दिलं.

मी नंतर तिला विचारलं, जुलैतच का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारत होता." मग मी गव्हाणीखालच्या गोळ्यांचं विचारलं. गोठा रोज सकाळी तीच झाडते. गोळे तिने पाडव्यापासून पाहिले होते. म्हणजे मार्चअखेरपासून.

निष्पत्ती

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या पहाटे, भुरी व्याली. पहिला बोकड मेलेला, दुसरी पाट, म्हणजे मादी करडू, जिवंत, दीड किलोची. चीक उजव्या सडातून थोडाच निघाला. तो पिळून बाटलीने पाजला, तासाभरात. जार दुपारपर्यंत पडला. पुढे दूध पुरेना, म्हणून ऑगस्टमध्ये व्यालेल्या तिच्या लेकीला पाट लावली. लेक लाथा मारायची. दहा दिवस मुलाने तिचं डोकं धरून पाजलं. विकून टाकू म्हणणारा तोच मुलगा.

व्याल्यावर भुरीचं वजन २४ वर आलं होतं. डिसेंबरच्या मध्याला २९ झालं. पट्टी आठवडाभरात फिकट राहायला लागली. पुढचे गुडघे सुजतात, थंडीत ती गुडघ्यांवर टेकून खाते. मावशींनी घरात पडलेली दुखण्याची गोळी काढली होती, ती डायक्लोफेनॅकची निघाली. जनावरांना ते देशात २००६ पासून बंद आहे. असं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलं, तेही फार दुखेल त्याच दिवसांपुरतं. दर सहा आठवड्यांनी खुरं कापायची, रात्री अंगावर गोणपाट, खाली कोरडा भुसा.

पैशाचा हिशेब मुलाने मांडला तो असा. खुराक दिवसाला बारा रुपये, वर्षाला सव्वाचार हजारांच्या वर. व्यापारी साडेतीन हजार देत होता. दूध आता शून्य. हिशेब बरोबर आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही आणि मावशींना उत्तर द्यायची गरज वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाच वर्षांपुढच्या कुठल्याही वाळलेल्या शेळीचं मी आता आधी तोंड पाहते. गालावरून अंगठा, मग हनुवटीचे केस, मग गव्हाणीखालची जमीन, मग लेंडी फोडून. पापणी त्यानंतर. जंताचं औषध गरज नसताना पाजलं की फुकट जातंच, शिवाय जंतही त्याला सरावतात. भुरीचा डोसही मी अंदाजाने दिला होता. डॉक्टर म्हणाले, शेळीच्या अंगात ही औषधं मेंढीपेक्षा लवकर विरतात, मेंढीच्या मापाने पाजलं तर कमी पडतं.

जुलैत तालुक्याला नेऊन सोनोग्राफी करायला हवी होती. पोटात जोडी आहे एवढं कळलं असतं तरी श्रावणाचं कारण टिकलं नसतं, निदान बोलणं तरी झालं असतं. आणि करडं सहा महिने पिऊ द्यायची नाहीत. म्हाताऱ्या शेळीची तिसऱ्या महिन्यात दुधापासून तोडायची.

माझं आजचं मत असं की गाभ जुलैतच काढायला हवा होता. भुरी वाचली ती तारीख कळली म्हणून, आणि तारीख कळली ती योगायोगाने. मावशींना हे अजिबात पटत नाही. पाट त्यांच्या पदराला हिसडे देत असते, तेव्हा माझं म्हणणं फार चालत नाही.

एक गोष्ट मात्र या वेळी वेळेत झाली. डिसेंबरात डॉक्टरांनी मावशींना समोर बसवून विचारलं, पुढच्या खेपेला कुठवर ताणायचं ते आत्ता सांगा, तेव्हा तुम्हाला सुचणार नाही. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रवंथ थांबला आणि दोन दिवस उठली नाही, की मी फोन करेन. मग तुम्ही म्हणाल तसं."

भुरीला पुन्हा फळवायचं नाही हेही ठरलं. हिशेब सूनबाईकडे आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती गोळे किती पडले, खुराक संपला का, कोणती शेळी कधी फळली ते पेन्सिलने लिहिते. डिसेंबरच्या पानावर १९ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात आहे : भुरी माजावर. शेजारी सांगितलं. दोन दिवस बांधून.